छत्तीस की सात? पाणलोट संस्थांच्या विलीनीकरणाचा आढावा

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी एक प्रस्ताव जाहीर केला. प्रांतात पाणलोटनिहाय काम करणारी ३६ संवर्धन प्राधिकरणे आहेत. ती एकत्र करून ७ मोठी प्रादेशिक प्राधिकरणे करायची आणि त्या सर्वांवर देखरेखीसाठी प्रांताची एक मध्यवर्ती संस्था नेमायची, असा तो प्रस्ताव होता. पर्यावरणमंत्री टॉड मॅकार्थी यांनी तो मांडला आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत त्यावर लोकांची मते मागवली. नगरपालिका, शेतकरी संघटना, बांधकाम व्यावसायिक, पर्यावरणवादी आणि खुद्द ही प्राधिकरणे या सर्वांनी आपापली बाजू मांडली.

हा वाद ऑन्टारिओपुरता नाही. पाणलोट सांभाळणाऱ्या छोट्या स्थानिक संस्था मोठ्या प्रादेशिक संस्थेत विलीन कराव्यात का, हा प्रश्न नेदरलँड्स, इंग्लंड, न्यूझीलंड आणि अमेरिकेतील नेब्रास्का राज्य यांनीही वेगवेगळ्या काळात हाताळला आहे. या लेखात ऑन्टारिओचे प्रकरण मध्यभागी ठेवून त्याची पार्श्वभूमी, मुख्य भूमिका, इतरत्रचा अनुभव आणि अजून न सुटलेले प्रश्न क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी : १९४६ ते वॉकरटन

दक्षिण ऑन्टारिओत शेतीसाठी झालेल्या जंगलतोडीचे परिणाम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागले होते. वसंतात बर्फ वितळले की नद्यांना पूर यायचा आणि उन्हाळ्यात ओढे आटायचे. उघड्या पडलेल्या जमिनीची माती वाऱ्याने उडून जाई. १९४१ मध्ये ग्वेल्फ येथे शेती, वने आणि निसर्ग या विषयांतल्या जाणकारांची परिषद भरली. त्यानंतर गॅनारास्का नदीच्या पाणलोटाची सविस्तर पाहणी झाली. या विचारमंथनातून १९४६ चा संवर्धन प्राधिकरण कायदा आला.

त्या कायद्याच्या मुळाशी तीन तत्त्वे होती. कामाची हद्द तालुका किंवा शहराची नसेल, पाणलोटाची असेल. पुढाकार खालून येईल, म्हणजे त्या पाणलोटातल्या नगरपालिकांनी मागणी केल्यावरच प्राधिकरण स्थापन होईल. आणि खर्च प्रांत व नगरपालिका मिळून उचलतील. नियामक मंडळावर सदस्य नेमण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला.

सुरुवातीला या संस्थांचे काम वृक्षलागवड, लहान बंधारे आणि शेतजमिनीची धूप रोखणे असे होते. १९५४ च्या ऑक्टोबरमधील हेझल वादळाने चित्र बदलले. या वादळाने ऑन्टारिओत ८१ माणसांचा बळी घेतला. टोरांटोतील हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावर ३५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नदीकाठची जमीन मोठ्या प्रमाणात सार्वजनिक मालकीत घेतली गेली, पूरक्षेत्रात घरे बांधण्यावर निर्बंध आले आणि प्राधिकरणांना परवाने देण्या-नाकारण्याचा अधिकार मिळाला. टोरांटोच्या दऱ्याखोऱ्यांत आज जी सलग उद्याने दिसतात, त्यांपैकी बऱ्याच जागेला हा इतिहास आहे.

आजच्या वादात एक गोष्ट बहुधा मागे पडते. विलीनीकरण ऑन्टारिओला नवे नाही. हेझलनंतर तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, टोरांटो परिसरातील चार प्राधिकरणे एकत्र करून महानगर टोरांटो व परिसर संवर्धन प्राधिकरण तयार झाले. ग्रँड नदीच्या खोऱ्यातही दोन समांतर संस्था होत्या. त्या १९६६ मध्ये एक झाल्या. मात्र ही दोन्ही विलीनीकरणे एका नदीखोऱ्यात किंवा शेजारच्या छोट्या नद्यांच्या पट्ट्यात झाली होती.

पुढचा टप्पा पैशाचा. १९९० च्या दशकात प्रांताने अनुदान झपाट्याने कमी केले. पूरनियंत्रणासाठी उरलेले अनुदानही २०१९ मध्ये जवळपास निम्म्यावर आले. आज प्राधिकरणांचा बहुतेक खर्च नगरपालिकांची वर्गणी, परवाना शुल्क आणि उद्यानांतून होणारी मिळकत यांवर चालतो. प्रांताचा वाटा अगदी थोडा आहे. पुढच्या सगळ्या युक्तिवादांत हा मुद्दा या ना त्या रूपाने येतो.

मे २००० मध्ये वॉकरटन या छोट्या गावात पिण्याच्या पाण्यात जनावरांच्या शेणखतातले जिवाणू मिसळले. सात जणांचा मृत्यू झाला आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. चौकशीनंतर २००६ चा शुद्ध जल कायदा झाला आणि पाण्याचे स्रोत जपण्याची जबाबदारी प्राधिकरणांच्या पाणलोटांना जोडली गेली. त्यासाठी प्राधिकरणे मोडली नाहीत. त्यांचे गट करून १९ स्रोतसंरक्षण समित्या नेमल्या गेल्या. या रचनेचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

प्रस्तावाकडे नेणारे बदल

२०२० पासून कायद्यात एकामागून एक दुरुस्त्या होत गेल्या. २०२० अखेरच्या दुरुस्तीने प्राधिकरणांची कामे अनिवार्य आणि ऐच्छिक अशी विभागली आणि मंत्र्यांच्या विशेष आदेशाने मंजूर झालेल्या बांधकामांना परवाना देणे बंधनकारक केले. त्या वेळी प्रांताच्या हरितपट्टा परिषदेचे अध्यक्ष आणि टोरांटोचे माजी महापौर डेव्हिड क्रॉम्बी यांनी काही सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. २०२२ च्या गृहबांधणी कायद्याने परवाना देताना प्रदूषण आणि भूसंवर्धन हे निकष वगळले आणि नगरपालिकांना निसर्गविषयक सल्ला देण्यावर मर्यादा आणली. १ एप्रिल २०२४ पासून ३६ वेगवेगळ्या नियमावल्यांच्या जागी प्रांतभर एकच नियमावली आली.

या बदलांमागचे मोठे कारण घरांची टंचाई आहे. २०३१ पर्यंत १५ लाख नवी घरे उभारण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले होते. परवान्याला लागणारा वेळ हा त्यातला अडथळा आहे, असे सरकारचे म्हणणे. २०२५ चा विलीनीकरणाचा प्रस्ताव याच मालिकेतला पुढचा टप्पा. मध्यवर्ती संस्था स्थापन करण्याची कायदेशीर तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकातून झाली. सात प्रदेशांच्या हद्दी मात्र चर्चेसाठी खुल्या ठेवल्या गेल्या. या लेखातील विवेचन त्या मूळ सात-प्रदेशीय आराखड्याला धरून आहे.

विलीनीकरणाच्या बाजूने

समर्थकांचा पहिला मुद्दा एकसारखेपणाचा आहे. टोरांटोच्या प्राधिकरणाकडे जलवैज्ञानिक, अभियंते आणि नकाशातज्ज्ञांची मोठी फौज आहे. ईरी सरोवराकाठच्या केटल क्रीक किंवा कॅटफिश क्रीकसारख्या संस्थांकडे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच तज्ज्ञ असतात. त्यामुळे एका पाणलोटातले पूरनकाशे ताजे असतात, तर शेजारच्या पाणलोटातले कित्येक दशकांपूर्वीचे. शुल्क वेगळे, अर्जाचा नमुना वेगळा, मुदत वेगळी. दोन प्राधिकरणांच्या हद्दीत काम करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी नव्याने सुरुवात करावी लागते.

दुसरा मुद्दा क्षमतेचा. हवामानबदलामुळे थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. जुलै २०२४ मध्ये टोरांटोत आलेल्या पुराने महामार्ग आणि रेल्वेस्थानक पाण्याखाली गेले. पुराचा अंदाज, संगणकीय प्रारूपे आणि पर्जन्यमापकांचे जाळे यांचा खर्च छोट्या संस्थेला झेपत नाही. मोठ्या संस्थेत तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री यांचा वाटा लहान पाणलोटांनाही मिळेल.

तिसरा मुद्दा जबाबदारीचा. ३६ संस्थांच्या कारभाराकडे प्रांताला नीट पाहता येत नाही. सात संस्था आणि एक मध्यवर्ती यंत्रणा असली की निकष, डिजिटल परवाना पद्धत आणि लेखापरीक्षण यांत सुसूत्रता येईल. आघाडीवरचे कर्मचारी आणि स्थानिक कार्यालये कायम राहतील, नद्यांच्या हद्दी पाळूनच प्रदेश आखले आहेत, असे सरकारने वारंवार सांगितले आहे.

विरोधात

विरोधकांचा पहिला आक्षेप अंतराचा आहे. मूळ आराखड्यात सुपीरियर सरोवराकाठच्या थंडर बे परिसरातील प्राधिकरण ह्यूरॉन सरोवराच्या दक्षिणेकडील प्राधिकरणांबरोबर एकाच प्रदेशात घातले होते. मधले रस्त्याचे अंतर हजार किलोमीटरहून जास्त. दोघांचे पाणी शेवटी महासरोवरांतच जाते, पण दोन्हीकडची माती, हवामान, वस्ती आणि पुराची पद्धत वेगळी. पूररेषा आखताना दक्षिण ऑन्टारिओत हेझल वादळाचा पाऊस प्रमाण धरतात, उत्तरेत १९६१ चे टिमिन्स वादळ, आणि पूर्वेत शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. महाराष्ट्रात निळ्या आणि लाल पूररेषांचे निकष राज्यभर एकच आहेत. ऑन्टारिओत मात्र प्रमाण मानलेले वादळच प्रदेशागणिक बदलते. मग ‘एकसारखा निकष’ म्हणजे नेमके काय, असे विरोधक विचारतात.

दुसरा आक्षेप मताचा. आज लहान नगरपालिकेचाही प्रतिनिधी मंडळावर असतो. आठ प्राधिकरणे एकत्र केलेल्या ईरी प्रदेशात कित्येक डझन नगरपालिका येतात. प्रत्येकीला जागा दिली तर मंडळ अवाढव्य होईल. लोकसंख्येनुसार दिली तर विंडसर, ऑन्टारिओतले लंडन, किचनर अशी शहरे निर्णय घेतील आणि शेतीप्रधान गावे मागे पडतील. पैसा मात्र सर्वांकडून घेतला जाईल. ‘पैसा आमचा, निर्णय दुसऱ्यांचा’ ही तक्रार ग्रामीण नगरपालिकांच्या ठरावांत वेगवेगळ्या शब्दांत दिसते.

तिसरा आक्षेप निदानावरच आहे. बहुतेक परवाने ठरलेल्या मुदतीत दिले जातात, असे प्राधिकरणे आपल्या वार्षिक अहवालांचा दाखला देऊन सांगतात. नकाशे जुने आहेत हे त्यांना मान्य आहे, पण त्याचे कारण रचनेत नसून प्रांताने आखडते घेतलेल्या निधीत आहे, असे ते म्हणतात. नव्या मध्यवर्ती संस्थेचा खर्च प्राधिकरणांकडून वसूल करण्याची मुभा कायद्यात आहे, याकडेही ते लक्ष वेधतात.

चौथा आक्षेप जमिनीचा. या संस्थांच्या मालकीची सुमारे दीड लाख हेक्टर जमीन आहे. त्यातली बरीच स्थानिक लोकांनी दान दिली किंवा स्थानिक पैशातून घेतली गेली. ज्या पाणलोटासाठी जमीन दिली, त्याचा ताबा दूरच्या मंडळाकडे गेल्यास देणाऱ्याचा हेतू पाळला जाईल का, ही शंका आहे.

मधली वाट

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी भूमिका आहे आणि अनेक प्राधिकरणांनी व नगरपालिकांनी ती काही फरकाने मांडली आहे. संस्था वेगळ्या राहू द्याव्यात, पण काही कामे एकत्र करावीत : पूर अंदाज, नकाशे, माहितीसाठा, संगणकप्रणाली, परवान्याचे नमुने. शुद्ध जल कायद्याखालच्या १९ समित्यांचे उदाहरण यासाठी दिले जाते. तिथे अनेक प्राधिकरणे एकत्र बसून योजना करतात, पण कुणाचे मंडळ बरखास्त होत नाही.

हीच भूमिका जरा पुढे नेणारे काही जण म्हणतात की विलीनीकरण हवेच असेल तर ते सातऐवजी जास्त संख्येत, नदीखोऱ्यांच्या गटांनुसार आणि स्वेच्छेने व्हावे. १९५७ आणि १९६६ ची विलीनीकरणे याच प्रकारची होती. यावर समर्थकांचे उत्तर असे की स्वेच्छेने होणारे सहकार्य कमकुवत संस्थांपर्यंत पोहोचत नाही. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्याकडेच सहकार्यात भाग घेण्याची ताकद कमी असते.

इतरत्रचा अनुभव

*नेदरलँड्स.* तेथील जलमंडळांची परंपरा तेराव्या शतकापासूनची. १९५० च्या सुमारास त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. १९५३ च्या समुद्री पुरात १,८०० हून अधिक लोक दगावले. त्यानंतरच्या दशकांत विलीनीकरणाने वेग घेतला आणि आज २१ मंडळे उरली आहेत. पण मंडळे मोठी होताना दोन गोष्टी टिकल्या : स्वतःचा कर लावण्याचा अधिकार आणि स्वतःची निवडणूक. प्रक्रियाही अनेक दशके चालली, एका कायद्याने झाली नाही.

*नेब्रास्का.* १९७२ मध्ये या राज्याने मृदसंधारण, पूरनियंत्रण वगैरे कामांसाठी असलेले १५४ छोटे जिल्हे मोडून नदीखोऱ्यांच्या हद्दीवर २४ नैसर्गिक साधन जिल्हे तयार केले. प्रत्येकाचे मंडळ निवडून येते आणि प्रत्येकाला मालमत्ता करातून स्वतःचे उत्पन्न मिळते. पुढे दोन जिल्हे एक झाले आणि संख्या २३ वर स्थिरावली. ओगलाला जलधरातल्या भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवण्याचे अवघड कामही याच संस्थांकडे आहे. विलीनीकरण टिकल्याचे हे ठळक उदाहरण, असे दोन्ही बाजू मान्य करतात. मात्र समर्थक ‘१५४ चे २४’ याकडे बोट दाखवतात आणि विरोधक निवडणूक व कराधिकाराकडे.

*इंग्लंड आणि वेल्स.* १९४८ च्या कायद्याने नदी मंडळे आली, १९६३ च्या कायद्याने त्यांच्या जागी नदी प्राधिकरणे. १९७३ च्या कायद्याने सगळे एकत्र करून १० प्रादेशिक जल प्राधिकरणे झाली. नदीची देखभाल, पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही तिन्ही कामे एकाच छताखाली. खोरेनिहाय व्यवस्थापनाचा आदर्श म्हणून जगभर त्याचे कौतुक झाले. अडचण अशी की सांडपाणी नदीत सोडणारी आणि त्यावर लक्ष ठेवणारी संस्था एकच होती. १९८३ मध्ये मंडळांवरचे स्थानिक संस्थांचे बहुमत काढले गेले. १९८९ मध्ये पाणीपुरवठा व सांडपाणी खासगी कंपन्यांकडे गेले, नियमनासाठी राष्ट्रीय नदी प्राधिकरण आले आणि १९९६ मध्ये ते पर्यावरण संस्थेत विलीन झाले. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कनलिफ यांच्या आयोगाने प्रादेशिक पातळीवर जलनियोजनाच्या संस्था पुन्हा असाव्यात, अशी शिफारस केली.

*न्यूझीलंड.* १९४१ च्या कायद्याने तिथे पाणलोट मंडळे होती. १९८९ च्या सुधारणेत शेकडो स्थानिक संस्थांची संख्या शंभरच्या आत आली आणि मंडळांचे काम प्रादेशिक परिषदांकडे गेले. त्यांच्या हद्दी मुख्यतः नदीखोऱ्यांवर आखल्या. परिषदा निवडून येत आणि कर लावत. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने प्रादेशिक नगरसेवकांची पदे रद्द करून ते काम महापौरांच्या मंडळांकडे देण्याचा प्रस्ताव आणला. म्हणजे निवडणूक आणि कर दोन्ही असले की रचना कायम टिकतेच, असाही नियम सांगता येत नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचे का वाटेल

ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी क्रेडिट नदी किंवा इटोबिको ओढ्याचे प्राधिकरण ही रोजच्या जगण्यातली संस्था आहे. घराचा मागचा भाग वाढवायचा तरी तिचा परवाना लागू शकतो. पण प्रश्नाचा गाभा महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. इथे ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व गावच्या पाणलोट समितीच्या पातळीवर रुजले, तर नदीखोऱ्याची पातळी पाटबंधारे विकास महामंडळांच्या हाती राहिली. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने या पाच महामंडळांना नदीखोरे अभिकरणाचा दर्जा दिला. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या वादात लहान पातळी आणि खोऱ्याची पातळी यांतली ओढाताण उघड दिसली. केंद्रीय पातळीवर २०१६ मध्ये मिहिर शाह समितीने केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग स्थापण्याची शिफारस केली होती. १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली मात्र एकही मंडळ उभे राहिले नाही. फरक इतकाच की ऑन्टारिओत मजबूत स्थानिक संस्था आधीच आहेत आणि प्रश्न त्या किती मोठ्या कराव्यात हा आहे. भारतात मधला, खोऱ्याचा थरच अनेकदा नावापुरता राहिला.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न योग्य आकाराचा. प्रत्येक कामाला वेगळा आकार लागतो. ओढ्याकाठच्या बांधकामाचा परवाना देणाऱ्याला ती जागा माहीत असावी लागते. पूर अंदाजाला मोठे जाळे लागते. वृक्षलागवडीला शेतकऱ्याशी वर्षानुवर्षांची ओळख लागते. एकाच आकाराची संस्था या तिन्हीला पुरेल का, यावर दोन्ही बाजूंकडे पुरेसे उत्तर नाही.

दुसरा पैशाचा. विलीनीकरणाने बचत होईल की संक्रमणाचाच खर्च वाढेल? वेतनश्रेणी समान करणे, संगणकप्रणाली जुळवणे, मालमत्ता हस्तांतर हे सगळे खर्चाचे आहे. समृद्ध पाणलोटाची गंगाजळी कमकुवत पाणलोटासाठी वापरता येईल का, हाही त्यातलाच भाग.

तिसरा प्रतिनिधित्वाचा. नगरपालिकांच्या जागा कशा ठरवायच्या, हे तर आहेच. शिवाय ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्ससारख्या आदिवासी राष्ट्रांचे जमीन आणि पाण्यावरचे हक्क मोठ्या प्रादेशिक मंडळात कसे मांडले जातील, याचे उत्तर १९४६ च्या रचनेतही नव्हते.

चौथा मोजमापाचा. परवान्याला लागणारे दिवस मोजता येतात. टळलेला पूर मोजता येत नाही. हेझलनंतर पूरक्षेत्रात न बांधलेल्या घरांमुळे किती नुकसान वाचले, हे कोणत्याही वार्षिक ताळेबंदात दिसत नाही. सुधारणेचे यश फक्त पहिल्या मापाने ठरले तर दुसरे आपोआप दुर्लक्षित होते.

समारोप

आजवरच्या अनुभवावरून ‘मोठे चांगले’ किंवा ‘छोटे चांगले’ असा निर्णय देता येत नाही. पण एक सूत्र पुन्हा पुन्हा दिसते. पाणलोट संस्थेत तीन गोष्टी गुंतलेल्या असतात : हद्द, पैसा आणि मत. नेदरलँड्स आणि नेब्रास्काने हद्द वाढवताना पैसा आणि मत तिच्याबरोबर हलवले, तिथे विलीनीकरण स्थिरावले. इंग्लंडमध्ये हद्द मोठी झाली, मत वरच्या पातळीकडे गेले, कामे एकमेकांत अडकली, आणि दोन दशकांत रचना पुन्हा बदलावी लागली. न्यूझीलंड याला अपवाद ठरू शकते आणि म्हणून सूत्राची मर्यादाही दाखवते.

ऑन्टारिओच्या वादात चर्चा बहुतेक वेळा ३६ आणि ७ या आकड्यांभोवती फिरते. त्याआधी ठरवण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत : कोणते काम कोणत्या पातळीवर असेल, त्याचा पैसा कुठून येईल, आणि पैसा देणाऱ्याचे मत कुठे मोजले जाईल. या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी झाल्यावर प्राधिकरणांची संख्या सात असावी, बारा की छत्तीस, हा वाद बराच सोपा होईल.